जिल्हा परिषद शाळांसाठी स्टोरीवीव्हर: काय छापावं, काय विकत घ्यावं, पुस्तकपेटी कशी फिरवावी

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मोफत चित्रगोष्टींचं संकेतस्थळ सप्टेंबर २०१५ मध्ये, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी सुरू झालं. कोविडच्या काळात ‘गोष्टींचा शनिवार’ या उपक्रमातून त्याच्या लिंका महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर पोचल्या. पण बहुतेक ठिकाणी गाडी लिंक पाठवण्यापाशीच थांबली. इथे हे संकेतस्थळ एका वेगळ्या नजरेने तपासलं आहे. दहा-बारा शाळांच्या एका केंद्राकडे जेवढे पैसे, जेवढी माणसं आणि जो एखादा प्रिंटर असतो, तेवढ्यात मुलांचं वाचन सुधारायला ते किती कामाला येतं?

आधी निकाल सांगतो. पुस्तकांची निवड, वर्गात मोठ्याने वाचन, वाचनचाचणीसाठी न वाचलेला उतारा आणि स्थानिक बोलीतलं साहित्य या चार कामांसाठी स्टोरीवीव्हरला आज तोड नाही. गोष्टी रंगीत छापून वाचनालय भरायचं ठरवलं, तर मात्र ते बाजारातल्या पुस्तकापेक्षा महाग पडतं. आणि एकटी शाळा ते वापरत असेल, तर मिळायला हवा त्याच्या निम्माही उपयोग पदरात पडत नाही. हे केंद्रपातळीवर वापरायचं साधन आहे.

एक गल्लत सुरुवातीलाच दूर केलेली बरी. प्रथम बुक्स ही बंगळूरूची, २००४ मध्ये सुरू झालेली ना-नफा प्रकाशन संस्था आहे. ग्रामीण मुलांचं वाचन देशभर तपासणारी ‘असर’ पाहणी ज्या ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेच्या कामातून उभी राहिली, ती संस्था वेगळी. त्यामुळे स्टोरीवीव्हरवर वाचनस्तर तपासायचं साधन किंवा मुलांच्या प्रगतीच्या नोंदी शोधू नयेत. तिथे मिळतात त्या गोष्टी, आणि त्या वापरायची मोकळीक.

ती मोकळीक नेमकी किती, हे समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. इथल्या बहुतेक गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, श्रेयनिर्देशाच्या अटीवर आहेत. त्या डाउनलोड करा, छापा, वाटा, अनुवाद करा, सोप्या करून लिहा. वेगळी परवानगी लागत नाही. अट एवढीच, लेखक, चित्रकार, अनुवादक आणि मूळ प्रकाशक यांची नावं आणि परवान्याचा उल्लेख गोष्टीसोबत राहिला पाहिजे, आणि काही बदल केला असेल तर तसं नमूद केलं पाहिजे. पीडीएफच्या शेवटी बारीक अक्षरांत श्रेयाची पानं असतात. कागद वाचवायला नेमकी तीच गाळली जातात, आणि तिथे परवाना मोडतो. जागा कमी असेल तर ती माहिती मलपृष्ठाच्या आत लहान अक्षरांत घ्यावी. गाळू मात्र नये.

आता संकेतस्थळाच्या सर्वांत मोठ्या त्रुटीकडे. गोष्टी चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीत साधारण २५० शब्दांपर्यंतच्या, दुसरीत ६०० पर्यंतच्या, तिसरीत १५०० पर्यंतच्या आणि चौथीत त्याहून मोठ्या. ही विभागणी मुख्यतः लांबीवर चालते. मराठीत एवढ्याने भागत नाही. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द मोजायला कमी भरतात पण प्रत्येक शब्द लांब होतो. ‘मांजर दारात बसली’ हे तीन शब्दांचं वाक्य आहे. ‘पिल्लाने खिडकीबाहेर डोकावलं’ हेही तीनच शब्दांचं. पहिलीच्या शेवटी जे मूल पहिलं वाक्य एका दमात वाचतं, ते दुसऱ्या वाक्यात ‘पि’वर येतं, ‘ल्ला’पाशी अडतं, ‘खिडकी’ ओळखतं आणि ‘बाहेर’ जोडेपर्यंत पिल्लू विसरून जातं. दोन्ही वाक्यं संकेतस्थळाच्या लेखी एकाच पातळीची.

शिवाय पहिल्या पातळीच्या पुष्कळ मराठी गोष्टी हिंदी, इंग्रजी किंवा कन्नडमधून आलेल्या आहेत. मूळ भाषेत सोपा असलेला शब्द मराठीत आला की जोडाक्षर घेऊन येतो. अनुवादकाने अर्थ चोख आणला, तरी पहिलीच्या मुलाला तो वाचता येईलच असं नाही. पहिलीच्या वर्गात अक्षरं गटागटाने शिकवली जातात, स्वरचिन्हं टप्प्याटप्प्याने येतात, जोडाक्षरं सर्वांत शेवटी. ऑगस्टमध्ये हाती दिलेल्या ‘पातळी १’च्या गोष्टीत ‘प्रश्न’, ‘स्वच्छ’, ‘गुच्छ’ असतील तर मूल चित्र बघून अंदाजाने बोलतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं वाचतंय.

म्हणून केंद्राचं पहिलं काम म्हणजे पुनर्वर्गीकरण. शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीच्या, एका दुपारी चार-पाच शिक्षकांना मिळून साठ-सत्तर गोष्टी सहज उरकता येतात. प्रत्येक गोष्टीची मधली तीन पानं उघडायची आणि दोनच गोष्टी बघायच्या: जोडाक्षरं किती, आणि चारपेक्षा जास्त अक्षरांचे शब्द किती. त्यावरून तीन ढीग करायचे. जोडाक्षर नसलेल्या किंवा एखाद-दुसरंच असलेल्या गोष्टी एका बाजूला. पानागणिक दोन-तीन जोडाक्षरं, पण वाक्यं छोटी असतील तर दुसरीकडे. उरलेल्या तिसऱ्या ढिगात. पहिला ढीग सगळ्यात लहान निघतो, आणि गरज सर्वांत जास्त त्याचीच असते. ही उणीव पुढे सांगितलेल्या मार्गाने भरून काढता येते.

निवडताना प्रकाशकाची चाळणी जरूर लावावी. संकेतस्थळावर कुणालाही गोष्ट लिहून प्रकाशित करता येते, त्यामुळे संपादित पुस्तकांच्या शेजारीच ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेली आणि ‘त्याने विचार केला की मी पण जातो’ छापाच्या हिंदी वळणाची मराठीही भेटते. प्रथम बुक्स आणि इतर नोंदलेल्या प्रकाशकांपुरतं शोधलं की बराच गाळ खाली बसतो. तरीही शाळेत जाणारी प्रत्येक गोष्ट कुणीतरी शेवटच्या पानापर्यंत वाचलेली असावी. मुलांच्या हातात पहिल्यांदा येणारं छापील मराठी वाक्य अशुद्ध असणं परवडणारं नाही.

अक्षरांच्या वळणाबद्दलही सांगायला हवं, कारण ही अडचण पहिलीच्या वर्गात रोज भेटते. बालभारतीच्या पुस्तकात मूल पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शिकतं. राज्य शासनानेही नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात हीच वळणं धरली. संकेतस्थळावरच्या अनेक मराठी गोष्टींत मात्र हिंदीतला दंडाचा ‘ल’ दिसतो. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. नुकतं अक्षर ओळखू लागलेलं मूल तिथे थांबतं. पीडीएफमध्ये अक्षर बदलता येत नाही, म्हणून पहिल्या ढिगातल्या पुस्तकांसोबत दोन्ही रूपं शेजारी शेजारी दाखवणारं हाताएवढं कार्ड ठेवावं. दोन-तीन वाचनांत मुलांना सवय होते. स्वतः मजकूर टाइप करून छापायचा असेल, तर वर्डप्रोसेसरमध्ये मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी निवडावी. अनेक युनिकोड फॉन्टांत एवढ्याने योग्य वळण येतं.

आता जमेच्या बाजू. स्टोरीवीव्हरचं सर्वांत मोलाचं आणि सर्वांत कमी वापरलं जाणारं साधन म्हणजे गोष्टीची पातळी बदलण्याची सोय. खातं उघडून आत गेलं की कुठलीही गोष्ट घेऊन, चित्रं तीच ठेवून, पानापानावरचा मजकूर सोपा करून नव्या पातळीवर प्रकाशित करता येतो. मूळ लेखक-चित्रकारांचं श्रेय आपोआप सोबत जातं. पहिला ढीग वाढवायचा तो असा. चित्रं चांगली, गोष्ट छोटी, पण भाषा जड अशी दहा पुस्तकं निवडावीत. प्रत्येक पानावर एक वाक्य, वाक्यात तीन ते पाच शब्द, एक ठराविक वाक्य पुन्हा पुन्हा येणारं, जोडाक्षर टाळलेलं. ‘खिडकीबाहेर डोकावलं’च्या जागी ‘बाहेर पाहिलं’. ‘पिल्लू’ हवंच असेल तर तो एकच शब्द ठेवावा, म्हणजे मूल तो चित्रावरून शिकेल आणि दहाव्या पानापर्यंत पक्का करेल. प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाने आठवड्याला एक गोष्ट धरली, तरी बारा शाळांच्या केंद्रात महिन्यात पुरेसा साठा तयार होतो.

सोपं करताना हमखास होणारी चूक म्हणजे गोष्टीतला कणाच काढून टाकणं. शब्द गाळता गाळता ‘हा आंबा आहे. हा पेरू आहे.’ एवढंच उरतं. असं पुस्तक मूल पुन्हा उघडत नाही. पुढच्या पानावर काय होणार ही उत्सुकता शिल्लक आहे का, हे बघूनच प्रकाशित करावं.

त्याच सोयीचा दुसरा उपयोग बोलीसाठी आहे. संकेतस्थळावर गोंडी, कोरकूसारख्या भाषांतली पुस्तकं आहेत. मेळघाटात किंवा गडचिरोलीत, जिथे मूल घरी मराठी बोलत नाही, तिथे पहिलीच्या पहिल्या महिन्यांत याचं मोल फार आहे. आपल्या भागातली बोली तिथे नसेल तर गोष्टीच्या अनुवादाची सोय वापरावी. पण अनुवाद शिक्षकाने एकट्याने करू नये. अंगणवाडी सेविका किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला शेजारी बसवून, प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून घेऊन लिहावं. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या गावात तर हे काम मुलंच हौसेने करतात, फक्त लेखन शेवटी कुणा जाणत्याने तपासायला हवं.

छपाईकडे वळू. पैसा वाया जातो तो इथे.

मुखपृष्ठ, बारा पानांची गोष्ट आणि श्रेयाची दोन पानं मिळून पंधरा होतात. पुस्तिकेसाठी पानं चारच्या पटीत हवीत, म्हणून एक कोरं पान धरून सोळा. ए-फाइव्ह आकारात, म्हणजे ए-फोरच्या निम्म्यात, दोन्ही बाजूंनी छापलं तर चार कागद आणि आठ छापील बाजू लागतात. काळ्या-पांढऱ्या छपाईचा दर बाजूला २ रुपये धरला तर पुस्तिका १६ रुपयांना पडते. रंगीत बाजूला ८ रुपये धरले तर ६४. या किमतीत चांगल्या कागदावर, पक्क्या बांधणीत छापलेलं चित्रपुस्तक बाजारात मिळू शकतं, आणि ते दुकानात काढलेल्या रंगीत प्रतीपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. म्हणून नियम साधा ठेवावा: रंगात हवं ते पुस्तक विकत घ्यावं, मुलाने घरी न्यायचं, फाटलं तरी चालेल असं ते काळ्या-पांढऱ्यात छापावं. शाळेत शाईच्या टाकीचा प्रिंटर असेल तर दर खूप खाली येतो आणि हे गणित थोडं बदलतं. पण प्रिंटर महिनोन् महिने बंद राहिला की शाई वाळून त्याचं तोंड बुजतं, आणि दुरुस्तीत सगळी बचत जाते. असा प्रिंटर केंद्रशाळेत एकच ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान काढावं.

काळ्या-पांढऱ्यासाठी चित्रं पारखून घ्यावी लागतात. रेघांची आणि पांढऱ्या पार्श्वभूमीची चित्रं छान उतरतात. रात्रीचं आकाश, गर्द जंगल, गडद रंगावर छापलेली पांढरी अक्षरं असलेली गोष्ट नुसता काळा डाग बनते आणि टोनर पिते. अशी गोष्ट पडद्यासाठी राखून ठेवावी.

दुसरी अडचण पानांच्या आकाराची. इथल्या बऱ्याच गोष्टींची पानं आडवी आहेत. प्रिंटच्या खिडकीत ‘बुकलेट’ निवडलं की प्रोग्राम आडवं पान उभ्या ए-फाइव्हमध्ये कोंबतो. पान निम्म्याने आकसतं, वर-खाली पांढरा पट्टा उरतो आणि मात्रा, अनुस्वार मुंगीएवढे होतात. त्याऐवजी उभ्या ए-फोर कागदावर दोन आडवी पानं वर-खाली छापावीत. मग कागद मधून आडवा कापला की प्रत्येक तुकडा आडवा ए-फाइव्ह होतो आणि अक्षर वाचनीय राहतं. दोन्ही बाजूंनी छापताना लांब कडेवर उलटायचा पर्याय निवडावा आणि पानांचा क्रम १, ३, २, ४, मग ५, ७, ६, ८ असा लावावा. एकच्या मागे दोन आणि तीनच्या मागे चार यायला हवं, म्हणून हा क्रम. काही प्रोग्राम टाइप केलेला क्रम पाळत नाहीत, पानं परत चढत्या क्रमाने लावतात. त्यामुळे आधी पानं या क्रमाने लावून नवी पीडीएफ करून घ्यावी आणि एक प्रत काढून, कापून, वाचून पाहिल्याशिवाय पन्नास काढू नयेत. उभ्या पानांची गोष्ट असेल तर ‘बुकलेट’ ठीक चालतं, फक्त तिथे आखूड कडेवर उलटायचं.

आतला कागद ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम, कागदाच्या वजनाचं माप) घ्यावा. ७० च्या कागदात मागच्या पानाचं चित्र पुढे दिसतं आणि नव्या वाचकाचा गोंधळ उडतो. मुखपृष्ठ २०० जीएसएमच्या आसपासच्या कार्डावर. डाव्या कडेला दोन पिना मारून त्यावरून कापडी चिकटपट्टी गुंडाळावी. पिनांची टोकं उघडी राहिली की बोटं सोलवटतात आणि मुखपृष्ठ पहिल्या आठवड्यात सुटतं. पहिल्या ढिगातल्या पुस्तकांत छापून आल्यावर ओळीची उंची पट्टीने मोजावी. अक्षर २० पॉइंटच्या, म्हणजे साधारण ७ मिलिमीटरच्या, खाली गेलं असेल तर ती गोष्ट पूर्ण ए-फोरवर छापलेली बरी.

पडद्यावर वाचायचं तर इंटरनेटवर भिस्त ठेवू नये. उतरवून घेतलेली पीडीएफ पेनड्राइव्हवर टाकून शाळेच्या टीव्हीला लावली तर अनेक टीव्ही ती उघडतच नाहीत, कारण यूएसबीवरून त्यांना फक्त चित्रं आणि व्हिडिओ कळतात. म्हणून पानं जेपीजी चित्रांत बदलून घ्यावीत, गोष्टीगणिक एक फोल्डर करावं आणि फाइलींना ०१, ०२, ०३ अशी, पण इंग्रजी अंकांत, नावं द्यावीत. देवनागरी नावं जुन्या टीव्हीवर चौकोन होऊन दिसतात. शून्य न लावता नुसते १, २ लिहिले तर एकनंतर थेट दहावं पान येतं आणि गोष्ट फुटते. ऐकता ऐकता वाचायच्या, शब्द उजळत जाणाऱ्या गोष्टीही संकेतस्थळावर आहेत. मराठीत त्या हिंदी-इंग्रजीच्या मानाने कमी आहेत, पण आहेत त्या दुसरीच्या मुलांसाठी उत्तम. आवाज शिक्षकाचाच असेल तर आणखी चांगलं: पान दाखवायचं, बोट फिरवत वाचायचं, उलटण्याआधी थांबून ‘आता काय होईल?’ विचारायचं, मग उलटायचं.

आता साठा फिरवण्याबद्दल, कारण केंद्राचा खरा फायदा इथे आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेच्या वाट्याला ५,००० येतात. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, ३० पर्यंतच्या पटाला १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातून किमान दहा टक्के स्वच्छतेवर जायला हवेत; वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि स्टेशनरी भागवल्यावर पुस्तकांना फार काही उरत नाही. बारा प्राथमिक शाळांचे ग्रंथालय अनुदान मिळून ६०,००० होतात. सरासरी ५० रुपयांचं पुस्तक धरलं तर बाराशे पुस्तकं. पण प्रत्येक शाळेने स्वतंत्र यादी केली, किंवा पुरवठादाराने दिलेला तयार संच उचलला, तर बारा शाळांत तीच शंभर पुस्तकं येतात.

हा पैसा एका खात्यात गोळा करता येत नाही, आणि तशी गरजही नाही. खरेदी शाळेचीच राहू द्यावी, नोंद त्या शाळेच्या साठा नोंदवहीतच व्हावी. फक्त याद्या एकमेकींना जुळवून कराव्यात. शाळा क्रमांक एकच्या यादीत असलेलं नाव दोनच्या यादीत नको. स्टोरीवीव्हरचा इथे फार उपयोग होतो. प्रथम बुक्सची बरीच छापील पुस्तकं तिथे आतून-बाहेरून वाचता येतात, म्हणजे न बघता खरेदी करायची वेळ येत नाही. मुलांना पडद्यावर दाखवून, ज्या गोष्टी पुन्हा मागितल्या जातात त्यांचीच नावं यादीत घ्यावीत.

मग चाळीस पुस्तकांची एक, अशा बारा पेट्या. वरच्या ढिगांप्रमाणे प्रत्येक पेटीत साधारण पंधरा पुस्तकं पहिल्या ढिगातली, पंधरा दुसऱ्यातली, दहा तिसऱ्यातली. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली आणि पारदर्शक पट्टी मारलेली. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला पेटी आणायची, पुढच्या शाळेची घेऊन जायची. बाराही पेट्या फिरून झाल्या की प्रत्येक मुलासमोरून ४८० वेगवेगळी पुस्तकं गेलेली असतात. एकट्या शाळेला हे जमणं शक्य नाही. परिषद एखाद्या महिन्यात झाली नाही तर पेट्या जागच्या जागी राहतात आणि साखळी तुटते, म्हणून अदलाबदलीची तारीख परिषदेपासून वेगळी, पक्की ठरवून ठेवावी.

पेट्या कुलपात अडकण्याचं कारण जवळपास सगळीकडे सारखंच असतं. पुस्तक हरवलं तर वसुली होईल, लेखापरीक्षणात प्रश्न येईल, ही भीती. मग मुलांच्या हाती पुस्तक जात नाही, पण नोंदवही मात्र चकचकीत राहते. यावर उपाय कागदावरच करायला हवा. जूनच्या पहिल्या बैठकीत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा की गोष्टीची पुस्तकं वापरून जीर्ण होणारं साहित्य आहे, आणि वर्षाअखेरीस फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांची यादी समितीसमोर ठेवून ती रीतसर निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी, केली जातील. देवघेवीची नोंद मुलांनाच करू द्यावी: तारीख, नाव, पुस्तकाचा क्रमांक, परत. चार रकाने पुरतात. काळ्या-पांढऱ्या पुस्तिका जडवस्तूत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदीत, घेऊच नयेत. त्या वापरून संपणाऱ्या साहित्यात धराव्यात. घरी न्यायला नेमक्या याच उपयोगी, कारण त्या हरवल्या तरी कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

चाचणीसाठीचा उपयोग थोडक्यात. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. पायाभूत साक्षरतेसाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य ठेवलं आहे. शाळेत हे तपासताना पाठ्यपुस्तकातला उतारा दिला तर मूल तो पाठ म्हणतं आणि आकडा फुगतो. दर महिन्याला स्टोरीवीव्हरवरची एक न वाचलेली गोष्ट घ्यावी, मुखपृष्ठ झाकावं, चित्राशिवाय मजकूर पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत काढावा. एक मिनिट वाचन, मग दोन प्रश्न: एक मजकुरात सरळ सापडणारा, एक ‘असं का झालं असेल?’ या धर्तीचा. मराठीचे शब्द लांब असल्यामुळे शब्दांच्या आकड्याला फार चिकटू नये; कुठल्या शब्दाशी अडलं ते लिहून ठेवलं तर पुढच्या महिन्यात कुणाला कुठल्या ढिगातलं पुस्तक द्यायचं ते ठरतं. पाचवीतलं मूल अजून फक्त सुटे शब्दच वाचत असेल तर त्याला पहिल्या ढिगातलं पुस्तक द्यावं, पण मोठ्या मुलाला लाज वाटणार नाही असं. गावात हत्ती शिरला, सायकल चोरीला गेली, अशा विषयांचं. पाळण्यातल्या बाळाचं पुस्तक अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती दिलं की ते पुन्हा पेटीकडे फिरकत नाही.

स्टोरीवीव्हर एवढंच पुरेसं नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. तिथल्या मराठीचा मोठा भाग अनुवादित आहे, आणि मूळ मराठीत विचार केलेल्या बालसाहित्याची लय त्यात क्वचितच मिळते. ती कमतरता भरायला बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. चौथीपासून पुढच्या मुलांसाठी कविता, कोडी, छोटे लेख निवडायला त्याहून चांगली जागा नाही. फक्त जुन्या अंकांची पानं स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे छापण्यापेक्षा पडद्यावर किंवा मोठ्याने वाचायला घ्यावीत. आणि स्टोरीवीव्हरचा खुला परवाना तिथे लागू नाही. खरेदीच्या यादीत नॅशनल बुक ट्रस्टची आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी पुस्तकं असायलाच हवीत. स्टोरीवीव्हरवर ती चाळता येतीलच असं नाही, म्हणून तालुक्याच्या गटसाधन केंद्राने प्रत्येकाची एकेक प्रत मागवून विषय साधनव्यक्तींकडून वाचून घ्यावी आणि मगच यादी शाळांना द्यावी.

शेवटी वेळापत्रक. अनुदान बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपत आल्यावर शाळेच्या हाती येतं. त्या घाईत जो पुरवठादार बिल तयार ठेवून उभा असतो त्याचाच संच घेतला जातो. हे टाळायचं तर गोष्टींचे ढीग आणि जुळवलेल्या याद्या दिवाळीपूर्वी तयार हव्यात, दरपत्रकं डिसेंबरात घेतलेली हवीत आणि पुरवठादाराची पीएफएमएस या सरकारी देयकांच्या ऑनलाइन प्रणालीवरची नोंद पैसे येण्याआधी झालेली हवी, कारण बँकेच्या तपशिलात एक अंक चुकला तरी देयक परत येतं आणि पुस्तकं मेमध्ये, शाळा बंद असताना, पोचतात. यादीत प्रत्येक पुस्तकासमोर नाव, प्रकाशक, ढीग क्रमांक आणि पर्यायी पुस्तक असे चार रकाने ठेवावेत. पर्यायाचा रकाना रिकामा ठेवला, की ‘उपलब्ध नाही’ म्हणत पुरवठादार त्या जागी शब्दकोडी आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तिका भरतो.